शेवटचं पान नसलेल्या राजकन्या

राजकन्यांशी माझं कधीच जमलं नाही. लहानपणी आमच्या घरात चित्रांची पुस्तकंच नव्हती, त्यामुळे त्यांची ओळख व्हायची राहिली. ओळख झाली तेव्हा मी आई होणार होते आणि मला त्यांचा रागच आला. पानामागून पान नुसत्या बसलेल्या असतात. खिडकीत बसतात, तळ्याकाठी बसतात, घोड्यावर बसवलं तरी दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसतात. कामधंदा नाही, आणि केस एवढे लांब की विंचरण्यातच सकाळ जावी. मुलगी झाली तर ती असली पुस्तकं वाचणार नाही, हे मी ती पोटात असतानाच जाहीर करून टाकलं होतं. नवरा तेव्हा काही बोलला नाही. तो बहुतेक वेळा काही बोलत नाही आणि शेवटी त्याच्याच मनासारखं होतं.

मुलगी पाच वर्षांची असताना अंधेरीच्या माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने बोरिवलीचं घर बदललं. तिची मुलगी कॉलेजात गेलेली. माळा रिकामा करताना तिने जुन्या पुस्तकांची एक भली मोठी पिशवी भरून मला दिली. मी ती उघडून न बघता वाकोल्यापर्यंत खांद्यावर वाहून आणली. घरी येऊन उलटी केली तर लादीवर राजकन्याच राजकन्या. गुलाबी, जांभळ्या, चमकी लावलेल्या. एकीची अंगठी हरवलेली, एक काही केल्या जेवत नव्हती, एकीचा घोडा सारखा शिंकत होता. मी त्या परत पिशवीत भरायच्या आत मुलगी त्यांच्या मधोमध मांडी घालून बसलीसुद्धा. माझी वाट लागली ती तिथेच.

पुस्तकं इंग्रजी होती, पण आमच्याकडे ती इंग्रजीत कुणी वाचलीच नाहीत. वाचायचं काम नवऱ्याचं. तो विमानतळावर कामाला, विमानात सामान चढवणाऱ्या टोळीत. संध्याकाळी साडेसहाला घरी यायचा, आंघोळ करायचा, चहा प्यायचा आणि पोरीला मांडीवर घेऊन सुरू व्हायचा. चित्र बघून सुचेल ते बोलायचं, एवढाच त्याचा नियम. महाराणी राजकन्येला म्हणायची, "ए, चल गप जेवून घे, मला अजून भांडी घासायचीत." राजाचा रथ वाकोला पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकायचा. शिंकणाऱ्या घोड्याला वाफ घ्यायला बसवलं जायचं, डोक्यावर टॉवेल टाकून. मी स्वयंपाकघरात हसू दाबत उभी राहायचे, कारण हसले असते तर हरले असते. पुस्तकातली चमकी त्याच्या दाढीला चिकटायची आणि दुसऱ्या दिवशी कामावरची पोरं त्याला विचारायची, काय रे, काल कुणाच्या हळदीला नाचलास.

मीही सहज हार मानणाऱ्यातली नाही. रॉकेटमधून जाणाऱ्या मुलीचं एक पुस्तक आणलं, गावासाठी विहीर खणणाऱ्या मुलीचं एक आणलं. मुलीने दोन्ही मन लावून बघितली, स्केचपेनने विहीरवाल्या मुलीच्या डोक्यावर मुकुट काढला आणि तिला राजकन्यांच्या चळतीत ठेवून दिलं.

त्या चळतीतलं एक पुस्तक मात्र पिशवीतून आलेलं नव्हतं. जयंतीला आमच्या विहाराबाहेर पुस्तकांचे, फोटोंचे, निळ्या झेंड्यांचे स्टॉल लागतात, तिथून ते नवऱ्याने घेतलं होतं. ज्याच्या मूर्तीपुढे आम्ही घरी मेणबत्ती लावतो, त्या राजपुत्राची लहान मुलांसाठी केलेली गोष्ट. पानभर चित्र आणि खाली दोन ओळी. कागद पातळ, रंग भडक. माझ्या लेखी ते राजकन्यांच्या विरुद्ध पार्टीचं पुस्तक होतं. मुलीच्या लेखी तसं काही नव्हतं. त्यात राजवाडा होता, घोडा होता, राजकन्या होती, म्हणजे ते राजकन्येचंच पुस्तक. आणि सगळ्या राजकन्यांमध्ये तिची लाडकी तीच होती. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "हिचे केस काळे आहेत ना. आणि हात बघ, आपल्यासारखा आहे."

मी हात बघितला. खरंच आपल्यासारखा होता. बरंही वाटलं आणि आत कुठेतरी तुटलंही, कारण एवढ्या मोठ्या चळतीत तिला आपल्यासारखा हात एकाच ठिकाणी सापडला होता. बाकीचं चित्र तेव्हा मी नीट बघितलं नाही. राजकन्या पलंगावर झोपलेली आहे. कुशीत तान्हं बाळ. दारात राजपुत्र उभा, निघालेला, मान वळवून दोघांकडे बघणारा. बाहेर घोडा. खाली ओळ अशी, की रात्री सगळे झोपले असताना राजपुत्र राजवाडा सोडून निघून गेला.

आमच्या घरात चौथं माणूस म्हणजे माझे सासरे. बुलढाण्याकडचे, तरुणपणी मुंबईला आले, गोदीत नोकरी केली, आता रिटायर होऊन आमच्याकडेच असतात. मी त्यांना अण्णा म्हणते. रविवारी सकाळी ते विहारात लहान मुलांचा वर्ग घेतात. आधी वंदना, मग एखादं गाणं, मग एक गोष्ट. राजकन्यांबद्दल त्यांचं मत माझ्याहून कडक. पुस्तक हातातही न घेता नातीला सांगायचे, "हे समदं खोटं आहे बेटा. याचा काही पुरावा नाही. आपला राजपुत्र तेवढा खरा होऊन गेला." नात गंभीरपणे मान डोलवायची. आम्हाला वाटायचं, चला, पोरीला खरं-खोटं कळायला लागलं.

मग नवऱ्याला बढती मिळाली. टोळीतला एक होता, तो टोळीचा मुख्य झाला. फक्त शिफ्ट रात्रीची, दहाला हजेरी. आम्ही पेढे आणले, अण्णांनी मूर्तीपुढे ठेवले. पहिल्या दिवशी तो नऊला निघाला तेव्हा मुलीने त्याच्या पायाला जी मिठी मारली ती सोडवता सोडवता आमच्या नाकी नऊ आले. त्याला उशीर झाला, नव्या पदाच्या पहिल्याच दिवशी बोलणी खावी लागली. दुसऱ्या दिवशी मी तोडगा काढला. ती झोपली की निघायचं.

सगळेच आईबाप करतात ते. आठलाच दिवे मालवायचे, तिला थोपटायचं, तिने डोळे मिटले की त्याने सामान उचलायचं. त्याचे कामावरचे बूट जड, पुढे लोखंडी टोपी बसवलेले, चालला की घरभर आवाज. म्हणून तो ते हातात घ्यायचा, अनवाणी दारापर्यंत जायचा आणि जिन्यात बसून घालायचा. जाताना उंबऱ्यात थांबून एकदा मागे वळून आमच्याकडे बघायचा. मी हातानेच त्याला जा, जा करायचे आणि आपण किती हुशार आहोत असं मला वाटायचं.

आठवडाभर सगळं झकास चाललं. मग एका संध्याकाळी मी कपडे धुवायला मशीन लावलं आणि ते असं काही दणादणा उडायला लागलं की खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. झाकण उघडून बघितलं तर चादरींच्या खाली नवऱ्याचे बूट. त्या रात्री तो पायमोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून, ओल्या बुटात पाय घालून गेला. आम्ही हसलोसुद्धा. चार दिवसांनी त्याचा विमानतळाचा पास गायब झाला. त्याच्याशिवाय गेटमधून आत सोडत नाहीत. घर पालथं घातलं, शेवटी अण्णांना तो तांदळाच्या डब्यात सापडला. त्या दिवशी कुणी हसलं नाही. त्याचा साहेब म्हणाला होता, दोनदा उशीर झालाय, तिसऱ्यांदा झाला तर दुसरा माणूस बघावा लागेल. मी मुलीला चांगलंच फैलावर घेतलं. ती रडलीही नाही.

त्याच सुमारास शाळेतून निरोप यायला लागले, की ती बाकावर डोकं टेकून झोपते. मला कळेना. घरी तर आठलाच डोळे मिटते.

मुलगी आता पहिलीत होती. तिच्या मराठीच्या टीचरनी वर्गात मुलांचा गोष्टींचा तास ठेवला होता. आईबाबांनी येऊन मागच्या बाकांवर बसायचं, मुलांनी पुढे येऊन आवडीची गोष्ट सांगायची. नवरा नुकता शिफ्टवरून येऊन झोपलेला, म्हणून मी अर्धी रजा टाकून एकटीच गेले. आमच्या कन्येने अर्थातच शिंकणाऱ्या घोड्याची राजकन्या निवडली होती. तिने अगदी बापाच्या ठेक्यात सुरुवात केली. घोडा शिंकला, मुकुट उडून गटारात पडला, राजाचा रथ पुलाखाली अडकला. मागचे सगळे आईबाप हसत होते आणि मी मान ताठ करून बसले होते. लग्न झालं. बाळ झालं. टीचर टाळ्या वाजवायला हात वर करत होत्या, पण मुलगी थांबलीच नाही.

"मग रात्र होते," ती म्हणाली. "राजकन्या झोपते. बाळाला पण झोपवतात. मग राजपुत्र चप्पल हातात घेतो, म्हणजे आवाज नको. मग तो दारातून एकदा बघतो आणि निघून जातो. तो परत येत नाही. मग तो खूप मोठा होतो आणि सगळे त्याला नमस्कार करतात. संपली गोष्ट."

वर्गात कुणीतरी एकदाच टाळी वाजवली आणि थांबलं. माझ्या शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघून पटकन नजर खाली केली. तास संपल्यावर टीचरनी मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "राग नका मानू, पण घरी सगळं ठीक आहे ना? म्हणजे तिचे बाबा..."

"तिचे बाबा घरी झोपलेत," मी म्हटलं. "घोरत असतील." माझा आवाज नको तितका चढला होता. टीचर भल्या होत्या, त्यांनी फक्त मान हलवली. पण माझे कान तापले ते शाळेचं गेट ओलांडलं तरी तापलेलेच होते. चार लोकांत माझ्या नवऱ्याला पळपुटा करून ठेवला होता पोरीने, आणि तेही शिंकणाऱ्या घोड्यासकट.

रिक्षात बसल्या बसल्या मी तिला धरलं. "अगं, ती गोष्ट अशी नाहीये. त्या पुस्तकात ते दोघं शेवटी आनंदाने राहतात. तू कुठलं कुठे जोडलंस?"

"जोडलं नाही," ती म्हणाली. "सगळ्या राजकन्यांचं असंच होतं. त्या बाकीच्या पुस्तकांना शेवटचं पान नाहीये फक्त."

"कुणी सांगितलं तुला?"

"आजोबानेच सांगितलं ना, ती सगळी पुस्तकं खोटी आहेत. खरं फक्त आपल्या राजपुत्राचं. आणि त्यात तो जातो." मग ती म्हणाली, "पप्पा पण बूट हातात घेऊन जातो. मी बघते. मी खोटं खोटं झोपते. तो गेला की मग झोपच येत नाही."

सांताक्रूझच्या सिग्नलला रिक्षा थांबली होती. रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत होता. मला एकदम ते पान दिसलं, सगळंच्या सगळं. दार, मागे वळलेली मान, पलंगावरची ती दोघं. आठवडेच्या आठवडे रोज नवाच्या सुमाराला आम्ही तिला तेच पान उघडून दाखवत होतो. आणि ती डोळे घट्ट मिटून पहारा देत होती, एवढंसं पोर. बूट लपवून झाले, पास लपवून झाला, आता तिच्याकडे लपवायलाही काही उरलं नव्हतं. मला इतकं भरून आलं की मी तिला जवळ ओढलं, आणि ती म्हणाली, "मम्मी, टोचतंय," कारण माझ्या पर्सचं बक्कल तिच्या गालाला लागत होतं.

दुपारी नवरा उठल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला. "मी उद्या सांगून टाकतो साहेबाला," तो म्हणाला. "नाही जमत नाइट. जुन्या जागेवर जातो परत."

"एवढ्या वर्षांनी मिळालं ते?"

"मग काय करू? पोरगी रात्रभर जागी राहते माझ्यासाठी, आणि मी तिकडे लोकांच्या बॅगा मोजू?"

अण्णा खिडकीशी पेपर वाचत होते. त्यांनी पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "पुस्तक आणा ते." मुलगीच पळत जाऊन घेऊन आली. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर नीट बसवला आणि ते पान उजेडात धरलं. इतक्या दिवसांत त्यांनी ते पुस्तक उघडलंच नव्हतं. स्टॉलवरून आणलंय म्हणजे ठीकच असणार असं ते धरून चालले होते. खालची ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"हे असं काहून छापलं?" ते म्हणाले. "तो काही चोरासारखा गेला नाही."

बाहेर सगळीकडे ही गोष्ट अशीच सांगतात, रात्रीची, झोपलेल्या बायकोची. आमच्याकडे ती वेगळी आहे. मलाही ती ऐकून माहीत होती आणि तरी ते चित्र बघताना मला काही खटकलं नव्हतं, इतकं ते सगळीकडे असतं. अण्णांनी ती तरुणपणी गावात ऐकलेली. संध्याकाळी सगळी वस्ती जमायची आणि वाचता येणारा एकजण आमचा धम्मग्रंथ मोठ्याने वाचायचा. त्यांनी नातीला समोर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. दोन गावांचं नदीच्या पाण्यावरून भांडण झालं. मोठी माणसं म्हणाली, लढाई करू. हा म्हणाला, मी नाही करणार, पाण्यासाठी माणसं मारायची नसतात. मग त्याला गाव सोडणं भाग पडलं. "पण तो आधी घरी आला," अण्णा म्हणाले. "आईबापाला सांगितलं. बायकोजवळ बसला, तिला समदं सांगितलं. ती झोपलेली नव्हती बेटा, टक्क जागी होती. तिनं ऐकलं, विचार केला, आणि जा म्हटली. मग गेला तो. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या समोर."

मला वाटलं, सुटला प्रश्न. मी नवऱ्याकडे बघितलं, त्याच्याही चेहऱ्यावर जरा उजेड आला होता. मुलगी मात्र पुस्तकातल्या पानावर बोट ठेवून बसली होती.

"आणि बाळाला?" तिने विचारलं.

"बाळाला काय?"

"बाळाला सांगितलं का त्याने?"

अण्णांनी चष्मा सरळ केला. "बाळ लहान होतं बेटा. त्याला काय समजणार?"

"म्हणजे नाही सांगितलं."

"तू तर राजकन्या ना," मी मध्येच म्हटलं. मला वाटलं तिचा गोंधळ होतोय. "तुझी लाडकी. तिला सांगितलं ना त्याने, मग झालं की."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अगदीच बाळबोध बोलले होते. "मी राजकन्या नाहीये," ती म्हणाली. "राजकन्या तू आहेस. हात बघ ना, बांगडी पण तुझ्यासारखी आहे. मी ते बाळ आहे."

वरून एक विमान घरघरत उतरलं. जन्मभर राजकन्यांना नावं ठेवत आलेली मी, आणि माझी मुलगी मला रोज त्या पलंगावर झोपलेली बघत होती. आपल्यासारखा हात म्हणजे माझ्यासारखा हात. नवरा मला रोज सांगूनच जात होता. मीच त्याला जा म्हणत होते. आमच्या दोघांचं सगळं ठरलेलं होतं, फक्त जिला मिठी सोडायला लावून झोपवलं होतं तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

अण्णांनी चष्मा काढला. "चुकलंच म्हणायचं मग ते," ते म्हणाले. कुणाचं ते त्यांनी सांगितलं नाही. पण पुढच्या रविवारी विहारातल्या वर्गात त्यांनी हीच गोष्ट घेतली. मी मुलीला सोडायला गेले होते म्हणून दाराशी उभी राहून ऐकली. नदीचं पाणी झालं, आईबाप झाले, बायको झाली, आणि मग ते थांबले आणि चटईवर बसलेल्या सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांना म्हणाले, "बाळ तेव्हा फार लहान होतं. बोलता येत असतं तर त्यालाही विचारलं असतं." जी गोष्ट सांगताना आयुष्यात कधी एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता, तिच्यात त्यांनी स्वतःचं वाक्य घातलं. वर्ग संपल्यावर हात जोडताना मला त्यांच्याकडे बघवेना, इतके ते मला त्या क्षणी आवडले.

पण आधी त्या संध्याकाळचं सांगते. साहेबाला फोन तसाही दुसऱ्या दिवशी करायचा होता. आठ वाजता दिवे मालवले नाहीत. नवरा युनिफॉर्म घालून, पट्टा बांधून तिच्यासमोर मांडी घालून बसला. मला वाटलं आता तो काहीतरी गमतीचं बोलेल, घोडा आणेल, रथ आणेल. त्याने तसलं काही केलं नाही.

"मी आता कामाला जातोय," तो तिला म्हणाला. "विमानतळावर. रात्री विमानं येतात, त्यातल्या बॅगा उतरवायच्या आणि दुसऱ्या चढवायच्या. माझ्या हाताखाली पोरं आहेत, त्यांना मी सांगतो कुठली बॅग कुठे ठेवायची. सकाळी माझं काम संपतं. मग मी घरी येतो."

"दूध यायच्या आधी?"

तो विचारात पडला. मी डोळ्यांनी खुणावत होते, हो म्हण, हो म्हण.

"नाही," तो म्हणाला. "दूध आल्यावर. तू शाळेला निघायच्या आधी. कधी कधी उशीर होतो, तेव्हा तू शाळेत गेलेली असशील. मग दुपारी भेटू."

"आणि परत येणार?"

"येणार."

"आता जाऊ?" मग त्यानेच विचारलं. खरंच विचारलं, उत्तराची वाट बघत बसला.

ती म्हणाली, "जा," आणि तिने भोकाड पसरलं. असं पसरलं की शेजारच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. त्याने तिला घट्ट धरलं, सोडलं, घरातच बूट घातले आणि दिव्याच्या उजेडात, दोन्ही पाय वाजवत जिना उतरला. दोन मजले तो आवाज ऐकू येत होता. ती माझ्या कडेवर हुंदके देत तो शेवटपर्यंत ऐकत राहिली. मला वाटलं, वाया गेलं सगळं. आता उद्या फोन.

तोंड धुवून, पाणी पिऊन आम्ही आडव्या झालो. मी तिला थोपटायला हात उचलला तर तिने तो बाजूला केला.

"मम्मी, पप्पाने तुला पण सांगितलं होतं ना, रात्रीचं काम घेतो म्हणून?"

"हो."

"मग तू काय बोललीस?"

"मी म्हटलं, घे."

"तुला वाईट वाटलं?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. पेढे वाटले, शेजाऱ्यांना सांगितलं, माहेरी फोन केले, आणि रोज रात्री रिकाम्या उशीकडे पाठ करून झोपत राहिले. मोठ्या बायकांनी असल्या गोष्टींचं वाईट वाटून घ्यायचं नसतं, असं मी कधी ठरवलं होतं कुणास ठाऊक.

"हो," मी म्हटलं. "खूप वाटलं."

"मला पण," ती म्हणाली आणि सरकून जवळ आली. "इकडे ये, मी थोपटते."

ती मला थोपटायला लागली, मी तिला थोपटते अगदी तशी, खांद्यावर, मधेच विसरत. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. मी तिला सांगणार होते की उद्या सकाळी पप्पा आल्यावर आपण तिघं मिळून चहा-बिस्कीट खाऊ, पण माझं वाक्य होईपर्यंत तिचा हात थांबला होता. मी मान उचलून बघितलं. ती खरंखुरं झोपली होती, तोंड उघडं टाकून, बारीक घोरत, एक पाय माझ्या पोटावर. मी तो काढला नाही.